पाय पसरायला जागा

ठोकळे जोडून केलेलं माझं अंतराळयान मी पुन्हा मोडलं, ते बायकोच्या एका वाक्यामुळे. “एवढ्याशा जागेत तो बिचारा चालक पाय कुठे ठेवणार?”

मग मी यानातली खुर्ची मागे सरकवली, पाय पसरायला जागा केली आणि वरचं पारदर्शक झाकण घट्ट बसवलं. काम अगदी मनासारखं झालं. आता फक्त चालक बनवायचा राहिला होता.

बायको चहा घेऊन आली आणि वाकून बघू लागली. “झाकणावर वाफ धरलीये हो.”

चहाची असेल, म्हणून मी बोट फिरवलं. बोट कोरडंच राहिलं. वाफ आतल्या बाजूला होती.

“बसला एकदाचा ऐसपैस,” ती कौतुकाने म्हणाली.

मलाही बरं वाटलं. तेवढ्यात आतल्या वाफेत तिळाएवढा गोल पुसला गेला.