चिमूटभर साखर

“डबा उंबऱ्यावर ठेवून पळत येऊ नकोस गं. आत जा, दोन शब्द बोल,” सासूबाईंनी प्रिसिलाला बजावलं होतं. पण एकट्या राहणाऱ्या सगुणाबाईंना खोकला, आणि प्रिसिलाचं बाळ पाच महिन्यांचं. सेवा काय, उंबऱ्यावरूनही होते, असं म्हणून तिने ते कानाआड केलं.

रोज दुपारी ती वरणभाताचा डबा ठेवायची आणि कालचा घासलेला उचलायची. त्यात चिमूटभर साखर असायचीच. डबा रिकामा परत करायचा नसतो ना! मंगळवारपासून साखर नव्हती. प्रिसिलाच्या ते लगेच लक्षात आलं. ‘कंटाळली असेल म्हातारी,’ म्हणत ती बाळाच्या ओढीने घरी वळली.

रविवारी चर्चमध्ये उपासनेत पाळकांनी नाव घेऊन तिच्या सेवेचं कौतुक केलं. समोरच सगुणाबाईंचा बाक रिकामा होता. प्रिसिलाला ती साखर आठवली आणि ती तडक त्यांच्या घरी गेली.

दार नुसतं लोटलेलं होतं. सगुणाबाई मोरीपाशी जमिनीवर बसून डबा घासत होत्या. पाय सुजून टम्म.

“सोमवारी पडले बाई. उभं राहवत नाही, बसूनच सरकत दारापर्यंत जाते. साखर वरच्या फळीवर आहे, हात पुरेना. राग मानू नकोस.”

“हाक का नाही मारलीत?”

“तुझं बाळ लहान ना.”

प्रिसिलाला मान वर करवेना.

पुढे चर्चच्या मासिकाने तिच्याकडे सेवेची साक्ष, म्हणजे तिचा अनुभव, लिहून मागितली. तिने एवढंच लिहिलं: “माझं कौतुक नको. हे वाचून उठा, आणि ज्यांच्या उंबऱ्यापर्यंतच तुम्ही जाता, त्यांचं दार आज ढकलून बघा.”