शेजारची सीट

२०११ सालच्या जानेवारीत, एका रविवारी सकाळी, दातांचे डॉक्टर, त्यांची बायको आणि लेक असे तिघे वापरलेल्या गाड्यांच्या आवारात शिरले. आले ते आपल्या दुधी रंगाच्या, सव्वीस वर्षांच्या गाडीतून. तिचा पत्रा खालून गंजला होता आणि सुटे भाग मिळेनासे झाले होते. लेकीने मनावर घेतलं होतं की परत नोकरीच्या गावी जायच्या आत आईबाबांना एक उंच, भक्कम गाडी घेऊन द्यायची.

येताना डॉक्टरच चालवत होते. बायको शेजारी बसून सारखी पुटपुटत होती. "सायकलवाला." "पुढचा थांबलाय." "हं, वळा आता."

मागे बसलेली लेक शेवटी वैतागली. "आई, चाळीस वर्षं गाडी चालवतायत ते. जरा तोंडाला विश्रांती दे ना."

"सवय गं," आई म्हणाली.

ही सवय दोन वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या नजरेच्या मधोमध एक धूसर डाग येऊन बसला. दवाखाना बंद केला, तेव्हा त्यांनी सगळ्यांना कंबरदुखीचं कारण सांगितलं. गाडी मात्र सुटली नाही. जुन्या गाडीची लांबीरुंदी त्यांच्या अंगात मुरलेली होती, उरलेलं बायको सांगायची. बाजार, वाचनालय, बहिणीचं घर. त्या दोघांखेरीज हे कोणाला ठाऊक नव्हतं.

विक्रेत्याने एक काळी, उंच गाडी दाखवली. आत चामड्याच्या सीट, लाकडाची पट्टी, छताला काच. "पहिले मालक परदेशी गेले, काका. दोन वर्षांत जेमतेम फिरवलीय. आवाज बघा, आहे का?"

डॉक्टर गाडीभोवती सावकाश फिरले. हिरडी तपासावी तसं एकेका दारावरून बोट फिरवत गेले आणि मागच्या दाराशी थांबले. "हे परत रंगवलंय."

विक्रेता ओशाळला. "नजर आहे हं काका तुमची."

बायको दुसरीकडे पाहू लागली.

"चला, एक चक्कर मारू," म्हणत विक्रेता शेजारच्या सीटवर जाऊन बसलासुद्धा. त्याची तशी पद्धतच होती. गिऱ्हाइकाला चालवायला द्यायचं आणि शेजारी बसून एकेक बटण समजावायचं.

"मी बसते पुढे," बायको म्हणाली.

"काकू, बटणं दाखवायचीत काकांना. पाचच मिनिटं. तुम्ही मागे आरामात बसा."

"ये ना आई. एक दिवस त्यांना सूचनांशिवाय चालवू दे."

ती मागे बसली. सीटची पाठ इतकी उंच की डॉक्टरांची मान तेवढी दिसत होती. थंडी असूनही मान घामाने ओलसर झाली होती.

गाडी फाटकापर्यंत आली आणि थांबली. समोर वाहता रस्ता. विक्रेता सांगत होता, हे सीट गरम करायचं, हे आरसे मिटायचं. एक ट्रक गेला. मग रस्ता रिकामा झाला. गाडी हलली नाही. मागून कोणीतरी हॉर्न दिला.

"जाऊ द्या काका."

डॉक्टरांनी मान किंचित मागे वळवली. वाट पाहत असल्यासारखी.

बायको पुढच्या दोन सीटना धरून अर्धी उठली. इथून पुटपुटणं ऐकू गेलं नसतं. तिने एकदा लेकीकडे पाहिलं, आणि मग स्पष्ट आवाजात म्हणाली, "उजवीकडून लाल स्कूटर येतेय. जाऊ द्या तिला. तिच्यामागे टेम्पो आहे."

विक्रेत्याचं बोट बटणावरच राहिलं. लेकीने आरशात पाहिलं. स्कूटर पुढून निघून गेली. वडिलांचे डोळे तिच्यामागे गेले नाहीत.

"बाबा, कधीपासून?"

"झाली दोन वर्षं."

"आणि मघाशी आपण आलो, ते?"

"ते आम्ही दोघांनी चालवत आणलं," डॉक्टर म्हणाले.

पुन्हा हॉर्न वाजला. डॉक्टरांनी इंजिन बंद केलं. "गाडी चांगली आहे. घेऊन टाक. पण चालवायची तू."

ते उतरायला लागले तशी बायको आधी उतरून दाराशी आली. "खाली अजून एक पायरी आहे," ती म्हणाली, आणि दोघं मागच्या सीटवर जाऊन बसली.

लेक पुढे येऊन स्टिअरिंगवर बसली, तेव्हा विक्रेत्याने मागे वळून विचारलं, "पण काका, त्या दाराचं कसं ओळखलंत?"

"बोटांनी. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात घातलीत."

काळी गाडी घेतली. लेकीने बदली मागून घेतली आणि रविवारी ती दोघांना फिरवू लागली. विक्रेता त्यानंतर वयस्कर गिऱ्हाईक आलं की आधी विचारी, शेजारी कोण बसणार? जुनी गाडी एका चित्रकाराने नेली. वर्षभराने ती बाजारात दिसली, तेव्हा तिला भडक निळा रंग दिलेला होता. बायकोने तेवढं एक डॉक्टरांना सांगितलं नाही.

बाकी सगळं सांगितलं. इतके दिवस तिने त्यांना फक्त धडकू नये अशा गोष्टी सांगितल्या होत्या. आता मागच्या सीटवरून ती कोणाच्या गच्चीत कसली रोपं आलीत, कोण जाड झालंय, कोणाच्या कुत्र्याला स्वेटर घातलाय, ते सांगे. लेक मध्ये बोलत नसे.

डॉक्टर आणखी सात वर्षं जगले. त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात एका सकाळी गाडी रस्त्याला लागली आणि बायको गप्पच राहिली.

"आज काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही दिसतच नाहीये. सगळीकडे धुकं आहे."

"मग धुकं कसंय, ते सांग."