एक नंबरची दोरी

"आणि तिथं, त्या उतारावर, राजाच्या उजव्या हाताला माझा पूर्वज उभा होता," लॅखीनं स्कॉटलंडमधल्या बॅनकबर्नच्या रणमैदानाकडे बोट दाखवलं. "उभा कसला, चिखलात रुतला होता. म्हणून पळता आलं नाही."

सहलीच्या बसमधून आलेली मंडळी हसली. रोजच हसतात. लॅखीचं तोंड हे वाक्य आता त्याला न विचारता बोलतं. आज ते बोलतंय हेही त्याच्या बरंच उशिरा लक्षात आलं.

त्याच्या वडिलांना आज दुपारी एक वाजता पुरायचं होतं. सहलीचा पुढचा थांबा असलेल्या डूनच्या किल्ल्याकडे जाताना लागणाऱ्या गावात, म्हणजे जवळजवळ वाटेवरच. काल धाकट्या भावाचा, कॅलमचा फोन आला होता. शवपेटी खाली सोडताना आठ जण आठ दोऱ्या धरतात, आणि उशाकडची, एक नंबरची, थोरल्या मुलाची असते. "तू आलास तर तुझी," कॅलम म्हणाला होता. "नाही आलास तर मी धरीन. तुझ्यावाचून पेटी वर राहणार नाही." लॅखी 'बघतो' म्हणाला आणि सकाळी कामावर आला. काहीतरी वाटेल म्हणून तो कालपासून थांबला होता. दात काढताना सुई दिली की गाल आपला राहत नाही, तसा तो सगळाच स्वतःचा राहिला नव्हता.

त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर 'लॅखी ब्रूस' असं होतं. ब्रूस हे आडनाव धंद्यासाठी. लढाई जिंकलेल्या राजाचं आडनाव असलं की लोक फोटो काढून घेतात. कमरेचा किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा घागरा, तोही सहल कंपनीचा, लालभडक चौकड्यांचा. एकदा वडील स्वतः तिकीट काढून बसमध्ये मागच्या सीटवर येऊन बसले होते. इथलं हेच भाषण त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. उतरताना म्हणाले, "पडद्याचं कापड नेसून बापजादे विकतोस." त्यानंतर बोलणं बंद झालं ते झालंच.

एका कॅनडाच्या बाईंनी बिल्ला वाचून विचारलं, तुम्ही राजाच्याच घराण्यातले का? यावर 'हो, पण किल्ल्याची किल्ली हरवली' असं उत्तर ठरलेलं होतं.

"नाही," लॅखी म्हणाला. "मी मॅकडूगल. आम्ही या राजाच्या वैऱ्यांकडे होतो. हरलो."

बाई खो खो हसल्या. त्यांना तोही विनोदच वाटला. बसच्या दाराशी सिगरेट ओढत असलेली सेंगा मात्र हसली नाही. सेंगा बस चालवायची, आणि लॅखीची भाषणं तिला त्याच्यापेक्षा जास्त पाठ होती. वडिलांचं तिला त्यानं सकाळीच सांगितलं होतं, टायरमध्ये हवा कमी आहे हे सांगावं तसं. त्यावर ती त्याला भरपूर बोलली होती आणि त्याच्यावर काही परिणाम झाला नव्हता.

"चला," लॅखीनं टाळी वाजवली. "बस कुणासाठी थांबत नाही. राजासाठीसुद्धा नाही."

स्टर्लिंग शहर मागे पडल्यावर एका फाट्यावर सेंगानं बस डावीकडे घातली.

"डून सरळ आहे," लॅखी म्हणाला.

"मला रस्ता शिकवू नकोस."

"हे आपल्या कार्यक्रमात नाही."

"मघाचं उत्तरही नव्हतं," सेंगा म्हणाली. मग तिनं त्याच्या हातातला माइक काढून घेतला आणि मंडळींना सांगितलं, इथं थोडं थांबायचंय, फोटो काढायचे नाहीत, आणि ज्यांना भूक लागली असेल त्यांनी आपापले सँडविच काढावेत.

दफनभूमीत काळे कोट घालून गावातली माणसं उभी होती. त्यांच्यात कंपनीच्या लाल चौकड्यांच्या किल्टमधला लॅखी लांबून दिसत होता. एका म्हाताऱ्यानं सरकून जागा दिली.

"एक नंबर," अंत्यविधीवाल्यानं पुकारलं. "लॅखलन मॅकडूगल."

कोणीच पुढे आलं नाही. हा कोण आला नाही म्हणून लॅखीनंही मान वळवून पाहिलं. हे नाव त्यानं फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

"तूच रे," कॅलम त्याच्या कानाशी म्हणाला, आणि पायाकडची दोन नंबरची दोरी धरायला पलीकडे गेला.

दोरी काळी होती, गोंड्याची, पडद्याच्या दोरीसारखी. शेवटी आजारात वडील फार वाळले होते, असं कॅलम म्हणाला होता. म्हणून लॅखीनं ती सैलच धरली. पेटीखालच्या, खड्ड्यावर आडव्या टाकलेल्या फळ्या काढल्या, आणि दोरीला असा हिसका बसला की तो अर्धं पाऊल पुढे ओढला गेला. त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. वडील खाली ओढत होते आणि तो वर. दोरी तळव्यातून थोडी थोडी सरकत गेली आणि तळवा भाजला. कालपासून त्याला जाणवलेली ही पहिली गोष्ट होती.

मग पेटी टेकली. पलीकडची ओढ थांबली आणि दोरी हातात सैल पडली.

आता एक नंबरनं दोरी आत टाकायची, म्हणजे बाकीचे टाकतात. सात माणसं आपापली दोरी धरून त्याच्याकडे बघत राहिली. वाऱ्यानं गोंडे हलत होते. पाद्री एकदा खाकरला.

"लॅखी, सोड आता," कॅलम पलीकडून हळू आवाजात म्हणाला. "तुझी बस थांबलीय."

लॅखीनं दोरीचा एक वेढा हाताला घेतला.

"थांबू दे," तो म्हणाला.