माहेरचं सरकार

तुळसाबाईच्या गोदीचं लग्न झालं, त्याच वर्षी प्रत्येक घराला आपलं सरकार निवडायची मुभा मिळाली. तुळसाबाईने समुद्रापारचं नावाजलेलं सरकार घेतलं. गोदीचं सासर जुन्याच सरकारात राहिलं. डोंगर तोच, मुरमाड जमीन तीच. पण तुळसाबाईच्या नळाला बारमाही पाणी आलं आणि हाक मारली की उडता दवाखाना अंगणात उतरू लागला.

पुढच्या वर्षी गोदी रीतीप्रमाणे पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. कळा सुरू झाल्या आणि रक्त थांबेना. दवाखाना उतरला, पण त्याचं दार उघडेना.

"बाई, यांचं नाव सासरच्या सरकारात आहे," आतला आवाज अदबीने म्हणाला. "त्यांना कळवलंय. त्यांची गाडी निघेल."

"अरे बाबा, घर माझं, खाट माझी, पोटची पोर माझी. मग सरकार दुसरं कसं?"

"नियम आहे, बाई."

तुळसाबाईला काही उमगेना. गेल्या महिन्यात याच दवाखान्याने तिची दुखरी दाढ काढली होती.

बाळ रडलं, तसं दार उघडलं.

"हे तुमच्या घरात जन्मलं, म्हणजे आमचं. द्या इकडे."

गोदी मंगळवारी दुपारी वारली. तिच्या सरकारची गाडी बुधवारी आली.