हार घातलेला फोटो

विश्रामबागेतल्या शकुंतलाबाईंच्या फोटो स्टुडिओत एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. सिनेमाचा नायक फोटोग्राफर होता. चौऱ्याण्णवच्या दिवाळीत बाई नवऱ्याबरोबर, सुमंतरावांबरोबर, तो सिनेमा बघायला गेल्या.

पडद्यावर त्यांचाच स्टुडिओ आला. भिंतीवर त्यांचाच फोटो होता आणि त्याला चंदनाचा हार घातलेला होता.

"असला फोटो आपल्याकडे नाहीच," सुमंतराव पुटपुटले.

बाई ताडकन उठल्या. "काढा तो हार! मी जिवंत आहे!"

"आवं, खाली बसा की!" मागून कुणीतरी ओरडलं.

पडद्यावरचा नायक बोलता बोलता थांबला आणि त्यानं कॅमेरा थेट बाईंवर रोखला.

बाई बसल्या नाहीत. पिशवीतून स्वतःचा कॅमेरा काढून त्यांनी ठणकावलं, "इकडं बघा!" आणि फ्लॅश उडवला.

पडद्यावर नायकाचे डोळे दिपून मिटले.