भांडी आणि नावा

आखातातल्या जबल अली बंदरावरची नोकरी मंदीत गेल्यावर सूर्यकांत हाँगकाँगच्या मुलाखतीसाठी शेजारच्या लाऊ आजोबांकडे कँटोनीज शिकू लागला. निर्धाराचा एक भारदस्त वाक्प्रचार त्याच्या स्वप्नातही तरंगायचा: नदी ओलांडलेल्या सैन्यानं भांडी फोडली, नावा बुडवल्या. परत फिरणं नाहीच.

“मुलाखतीत हाच वापरतो!”

“स्वतःबद्दल म्हटलास तर बढाई वाटेल,” आजोबा हसले. “दुसऱ्याचा निर्धार दिसला की म्हण.”

घरी आला, तर स्वयंपाकघर रिकामं. बायकोनं, शोभनानं, कुकर, कढई, पोळपाटसुद्धा शेजारणींना वाटून टाकला होता.

“अगं, मुलाखत अजून व्हायचीय!”

“होईल हो. आपण निघायचं.”

रिकाम्या ओट्यापाशी त्याला पलीकडचा काठ लागल्यासारखं वाटलं. तिच्याकडे बघत त्यानं तो वाक्प्रचार हळूच उच्चारला.

“म्हणजे काय?”

“म्हणजे तू.”