कपितानचं नाव फळ्यावर आहे

"पप्पा, पीठ फुगायला किती तास ठेवायचं?"

ब्रिसाने मुद्दाम मोठ्याने विचारलं. भरल्या दुकानात विचारून दाखव, अशी लुदमिलाने पैज लावली होती. लुदमिलासकट वर्गातल्या तिघीजणी काउंटरला टेकून उभ्या होत्या, पिझ्झ्याच्या तुकड्यावर फाइना, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाची पोळी, ठेवून खात होत्या. त्यांचे घास थांबले.

छताला उलटी सायकल टांगलेल्या त्या दुकानात पिझ्झ्यांना माणसांची नावं होती. दुकानासाठी ज्याने काही केलं, त्याचं नाव फळ्यावर चढायचं. फ्रीज ढकलत आणणारा बसड्रायव्हर रोके फळ्यावर होता. चोरावर भुंकलेला कुत्रा कपितानसुद्धा होता, जास्त ऑलिव्ह घालून.

तिचा बाप आन्सेल्मो भट्टीपाशी हसला. "हाताला कळतं गं. घड्याळ बेकरीवाल्यांना लागतं."

"पोरगी उस्तादाची परीक्षा घेतेय," कोपऱ्यातला म्हातारा म्हणाला. अख्ख्या ब्वेनोस आयरेसमध्ये असा हलका पिझ्झा नाही, हे तो रोज ऐकवायचा.

"तरी पण, किती?"

आन्सेल्मोने आत स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग दोन्ही हात पसरले. "बरं बाबांनो, खरं सांगतो. पीठ माझं नाही, हिच्या आईचं. नेलिदा, बाहेर ये."

टाळ्या पडल्या. गिऱ्हाइकांत बसलेल्या रोकेने खडू उचलून फळ्यावर 'नेलिदा' लिहूनही टाकलं.

नेलिदा बाहेर आली. उजव्या मनगटाला पट्टा होता, ईस्टरपासूनचा. तिने फळ्याकडे पाहिलं. मग लेकीकडे. मग लोकांकडे वळून ती म्हणाली, "आभारी आहे."

ब्रिसाची कानशिलं तापली. ईस्टरपासून रोज पहाटे तीच पीठ मळत होती. नखांत अडकलेलं पीठ लुदमिलाने शाळेत पाहिलं होतं. लोकांना कळलं तर चव बिघडली म्हणतील, असं आई म्हणाली होती. आणि घरच्या माणसाचं नाव फळ्यावर कशाला, असं पप्पा.

"चौदा तास," ब्रिसा म्हणाली. "पहाटे पाच ते संध्याकाळी सात. पाचला मी मळते. तीन महिने झाले, आईचा हात उचलला जात नाही."

म्हाताऱ्याने तोंडाशी नेलेला तुकडा ताटलीत ठेवला. आन्सेल्मो भट्टीकडे वळला, जणू आत काही करपत होतं.

"ब्रिसा," आई हळूच म्हणाली, "घरी बोलू."

"घरी बोललो की. दोनदा."

तिने एप्रन काढला, नीट घडी घातली आणि दोघांच्या मधोमध काउंटरवर ठेवला.

"उद्या पहाटे मला हाक मारू नका. कपितानला उठवा. त्याचं नाव फळ्यावर आहे."